तालिन ते हेलसिंकी: विमानाचा अर्धा तास, बोटीचे दोन

ताई, तुम्हाला एस्टोनियाच्या राजधानीत, तालिनमध्ये नोकरी मिळतेय, यजमानांना फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीत. विमानाला किती वेळ लागतो आणि एकाच घरात राहून रोज ये-जा जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

सरळ रेषेत अंतर जेमतेम ८० किलोमीटर, मधे फिनलंडचं आखात. (रस्त्याने वळसा घालायचा तर वाटेत रशिया येतो, तेव्हा तो विचारच सोडा.) विमानाच्या तिकिटावर साधारण अर्धा तास लिहिलेला असतो, पण त्यावर जाऊ नका. तालिनचा विमानतळ गावातच आहे, ट्रामने जाता येतं. हेलसिंकीचा मात्र शेजारच्या वान्ता शहरात. तिथून लोकलने मुख्य स्टेशन गाठायला अर्धा तास. त्यात तपासणीची रांग धरली की घरापासून ऑफिसपर्यंत तीन तास कुठेच गेले नाहीत. बोटीला दोन ते अडीच तास लागतात आणि ती भर गावात उतरवते. आठ वर्षांत मी या मार्गावर विमानाने एकदाच गेलोय, तेही पुढे भारताचं विमान पकडायचं होतं म्हणून.

मी अलिबागचा, मांडव्याच्या लाँचवर वाढलेला. पण ही बोट म्हणजे तरंगती इमारत. पोटात ट्रक, वर उपाहारगृहं, दुकानं. फिनलंडमध्ये दारू महाग, त्यामुळे तालिनहून परतणारे फिनिश आजोबा छोट्या हातगाडीवर बिअरचे खोके रबरी दोरीने करकचून बांधून चढतात आणि उंबऱ्यावर गाडी अडली की मागची सगळी रांग थांबते. हिवाळ्यात बर्फ असला तरी बोटी चालतात. नोव्हेंबरच्या वादळात मात्र पोट ढवळतं. आवळासुपारी जवळ ठेवा.

खरी अडचण कागदांची आहे. दोन्ही देश शेंगेनमध्ये (आपसातल्या सीमेवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांचा गट), चलन युरो, घड्याळही एकच. म्हणून लोकांना वाटतं की कुठेही राहा, कुठेही काम करा. आपल्या पासपोर्टवर तसं होत नाही. एस्टोनियाच्या रहिवासी कार्डावर फिनलंडला १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि नोकरी करता येत नाही. यजमानांना फिनलंडची वेगळी परवानगी लागेल. घर भाड्याने घेण्याआधी हे दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांकडून लेखी विचारून घ्या, करासकट.

रोजची ये-जा मी तरी करणार नाही. जाऊन-येऊन चार-पाच तास पाण्यावरच जातील. सोमवारी जाऊन शुक्रवारी परत, असं करणारे इथे पुष्कळ आहेत. तसं ठरलं तर दोन्हीकडे बंदराजवळच घर बघा, आणि बोट सुटायच्या बऱ्याच आधी दार बंद होतं हे लक्षात असू द्या. मी एकदा दोन मिनिटांनी चुकलो. बोट धक्क्यालाच उभी होती, काचेतून दिसत होती, आणि पुढची तीन तासांनी.