वाचकांचे प्रश्न : अमेरिकेचे पहिले चांदीचे डॉलर

प्रश्न : १७९५ सालचा एक डॉलर विकत घ्यायचा विचार आहे. लिबर्टीच्या (नाण्यावरच्या स्वातंत्र्यदेवीच्या) केसांवर आणि काठाजवळ बारीक समांतर रेघा दिसतात. कुणी कानस मारली असेल का?

उत्तर : मारली असेल, पण बहुधा टांकसाळीतच आणि नाणं पाडण्याआधी. १७९२ च्या कायद्यानं डॉलरचं वजन ४१६ ग्रेन, म्हणजे २६.९६ ग्रॅम ठरवलं होतं. त्यात शुद्ध चांदी ३७१.२५ ग्रेन. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चांदीच्या पट्ट्या एकसारख्या जाडीच्या निघत नसत. म्हणून कापलेल्या चकत्या तोलायच्या आणि जड भरलेली चकती कानशीनं उतरवायची, अशी रीत होती.

दहापट भिंग घ्या, उजेड तिरपा पडू द्या आणि एकेका रेघेचा माग काढा. ठशांच्या, म्हणजे चित्र खोलगट कोरलेल्या साच्यांच्या, दाबाखाली धातू वाहतो तेव्हा कानशीच्या रेघा बुजतात. धातू ठशाच्या तळापर्यंत पोचला नाही तिथंच त्या उरतात, म्हणजे केसांच्या उंचवट्यावर आणि काठावर. नंतरचा ओरखडा सपाट भागावरून सरळ अक्षरावर चढतो आणि त्याच्या कडेला धातू वर उचललेला दिसतो. फरक इथं आहे. पाडण्याआधीच्या रेघांमुळे किंमत थोडी उतरते, पण नाणं खराब ठरत नाही. नंतर घासलेलं नाणं मात्र घेऊ नका.

चकती हलकी भरली तर उलट उपाय करत. मधोमध भोक पाडून चांदीचा तुकडा बसवायचा आणि मग ठसा मारायचा. १७९५ च्या काही डॉलरांवर मध्यभागी सुमारे ८ मिलिमीटरचं वर्तुळ दिसतं ते यामुळेच. चित्र त्या वर्तुळावरून अखंड गेलं असेल तर ते टांकसाळीचं काम. असे नमुने संग्राहक मुद्दाम शोधतात. चित्र तिथं तुटत असेल किंवा कोरून जुळवलेलं वाटत असेल तर ती नंतरची डागडुजी समजा.

प्रश्न : १७९४ च्या डॉलरचे डावीकडचे तारे इतके पुसट का? नाणं झिजलेलं समजायचं का?

उत्तर : लगेच नाही. १५ ऑक्टोबर १७९४ ला टांकसाळीनं १,७५८ डॉलर दिले, पण तेव्हाचं यंत्र एवढ्या मोठ्या नाण्याला कमी ताकदीचं होतं आणि ठसेही एकमेकांना नीट समांतर बसले नव्हते. दाब डाव्या बाजूला अपुरा पडला. नाणं उलटून पाहा : तारे पुसट आहेत त्याच्या नेमक्या पाठीमागची अक्षरंही पुसट असतील, तर दोष दाबाचा. झीज आधी उंच भागांना गुळगुळीत करते. अपुऱ्या दाबाच्या जागी चकतीचा मूळ खडबडीतपणा, कधी कानशीच्या रेघाही, तशाच राहतात.

प्रश्न : १८०४ साल असलेला डॉलर स्वस्तात मिळतो आहे. घ्यावा का?

उत्तर : नको. १८०४ मध्ये टांकसाळीनं डॉलर पाडले खरे, पण त्यांवर आधीची सालं होती. १८०४ कोरलेले अस्सल डॉलर १८३४ पासून पुढचे, पहिले राजनैतिक भेटवस्तूंसाठी पाडलेले, आणि आज ज्ञात असलेले दोन डझनही नाहीत. तरी तपासायचंच असेल तर आधी लोहचुंबक लावा, मग वजन करा, मग पाण्यात तोलून घनता काढा. या कसाच्या चांदीची घनता दर घन सेंटिमीटरला १०.३ ग्रॅमच्या आसपास येते. पितळ किंवा निकेलचा गाभा असेल तर ती बरीच खाली घसरते. मात्र आकडे जुळले म्हणून नाणं अस्सल ठरत नाही, कारण खऱ्या जुन्या डॉलरवरचं साल कोरून बदलण्याचे प्रकारही झाले आहेत. शेवटच्या आकड्याभोवतीचा धातू भिंगाखाली पाहा.