ब्राउझर किती ठेवायचे?

प्रश्न : मी वेब डेव्हलपर आहे. क्रोममध्ये पेज एकदम झकास दिसतं, पण क्लायंटच्या आयफोनवर खालचं बटणच गायब. आता काय सगळे ब्राउझर टाकून बसू का?

उत्तर : सगळे नको हो, ब्राउझर नाही, इंजिनं मोजा, म्हणजे ब्राउझरच्या आतला, पेज स्क्रीनवर उभं करणारा भाग. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह आतून ब्लिंक या एकाच इंजिनवर चालतात (एज २०२० पासून), म्हणजे चारही उघडून बघितले तरी टेस्टिंग एकाचंच झालं. फायरफॉक्सचं गेको वेगळं, सफारीचं वेबकिट वेगळं, आणि आयफोनवर क्रोमचा आयकॉन दिसला तरी आत सहसा वेबकिटच असतं, त्यामुळे 'क्रोममध्ये चेक केलंय' हे तिथे चालत नाही. तुमचं बटण बहुधा १०० व्हीएचमुळे (कोडमध्ये 'स्क्रीनभर उंची' सांगणारं माप) गेलंय, ती ॲड्रेस बार लपलेला असतानाची उंची, बार दिसत असला की तळाचा भाग स्क्रीनच्या खाली जातो. तिथे १०० डीव्हीएच (बार दिसेल-लपेल तशी बदलणारी उंची) लिहून बघा, जुन्या ब्राउझरसाठी व्हीएचची ओळ त्याच्या आधी राहू द्या. रोजच्या कामाला मला विचाराल तर फायरफॉक्स, त्याचं ग्रिड, म्हणजे पेजच्या मांडणीतल्या ओळी-रकाने, दाखवणारं टूल भारी आहे. आणि खरा फोन हातात घेऊन बघाच, डेस्कटॉपवर विंडो बारीक करून असलं काही सापडत नाही.