सरकारी वसाहतीतील भाडेकरूंना इमारतीचा कारभार स्वतः चालवता येतो का? त्यासाठी आधी घरे मालकीची व्हावी लागतात का?

आपण विचारलेल्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर आमच्या घरात अनेक वर्षे वाद झाला आहे. घरे मालकीची होण्याची वाट पाहण्याचे काहीही कारण नाही. वाट पाहत बसलेल्या इमारती मी जवळून पाहिल्या आहेत. त्यांच्या हाती मालकी आली तेव्हा ती सांभाळणारी माणसे तिथे तयार झालेली नव्हती. कारभार स्वतः चालवता येतो का, याचे उत्तर होय असेच आहे, परंतु कायद्यातले कलम शोधण्यापूर्वी आपल्या इमारतीत पावती पुस्तक आहे का आणि ते कोणाकडे आहे, हे पाहावे.

मी मुंबईच्या पूर्व उपनगरातील अशाच एका वसाहतीत वाढलो. केंद्र सरकारने १९५२ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरबांधणीची योजना आणली आणि तिच्यातून मुंबईत ज्या भाड्याच्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांपैकी ही एक. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक मजल्यावर आठ गाळे, खाली जमिनीतली टाकी, गच्चीवर दुसरी टाकी आणि दोन्हींच्या मध्ये एक पंप. वडील गिरणीत कामाला होते. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात आमच्या इमारतीच्या पंपाची मोटर जळाली.

रीतसर मार्ग असा होता की, रहिवाशांनी वसाहत सांभाळणाऱ्या सरकारी कार्यालयात अर्ज द्यायचा, मग पाहणी व्हायची, मग अंदाजपत्रक, मग मंजुरी आणि त्यानंतर कंत्राटदार यायचा. अर्ज दिला. पाहणी झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या बायका पहाटे चार वाजता उठून खालच्या नळावर रांग लावू लागल्या, आणि भरलेल्या कळश्या जिन्यावरून वर नेताना एक गरोदर बाई घसरून पडली. त्या संध्याकाळी माझी आई, जिचे शिक्षण सातवीपर्यंत झाले होते, समोरच्या काकूंना सोबत घेऊन घरोघर फिरली. ज्यांच्याकडे जे होते ते त्यांनी दिले, मोटर हातगाडीवर घालून वाइंडिंगवाल्याकडे नेली आणि दोन दिवसांत गच्चीवरच्या टाकीत पाणी पडले.

इथपर्यंत ही गोष्ट कोणत्याही इमारतीची असू शकते. वर्गणी काढणे चाळीतल्या माणसाला नवीन नसते, कारण गणेशोत्सवाची मंडळे आपण त्याच पद्धतीने चालवत आलो आहोत. पुढे आईने जे केले ते मात्र मी इतरत्र फार कमी पाहिले. तिने लाल कापडी बांधणीची एक लांब वही घेतली, डाव्या पानावर जमा आणि उजव्या पानावर खर्च लिहिला, वाइंडिंगवाल्याची पावती त्याच पानावर खळीने चिकटवली आणि जिन्याखालच्या भिंतीवर एक काळा फळा लावून घेतला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या फळ्यावर खडूने चार आकडे लिहिले जात: मागील शिल्लक, या महिन्याची जमा, खर्च आणि उरलेली शिल्लक. पाचवा आकडा एकूण थकबाकीचा असे. थकलेल्यांची नावे मात्र तिने कधीही फळ्यावर येऊ दिली नाहीत. संपामुळे घरात चूल पेटायची भ्रांत असलेल्या कुटुंबांकडे ती स्वतः जात असे आणि वर्गणीच्या ऐवजी टाकी धुण्याचे किंवा गच्चीतले पन्हाळ साफ करण्याचे काम मागत असे. ते कामही वहीत जमेच्या बाजूला नोंदले जाई, त्यामुळे कोणालाही फुकट राहिल्याचा कमीपणा वाटला नाही.

याहून महत्त्वाची एक गोष्ट तिने केली, आणि आपण यातले एकच उचलणार असाल तर हेच उचला. दुरुस्तीच्या प्रत्येक बिलाची नक्कल ती एका पत्रासोबत कार्यालयात देत असे. मजकूर काकूंच्या मुलाने एकदा लिहून दिला होता आणि पुढे तोच चालला: हा खर्च आपल्या जबाबदारीचा आहे, रहिवाशांची अडचण पाहून आम्ही तो तात्पुरता केला आहे, तरी तो भाड्यात वळता करावा. खर्च भाड्यात कधीच वळता झाला नाही, हे मी स्पष्टपणे सांगतो. परंतु आवक शिक्का असलेल्या त्या प्रती आमच्याकडे राहिल्या. पुढे सेवाशुल्काच्या थकबाकीची मोठी रक्कम इमारतीच्या नावे निघाली, तेव्हा ज्या वर्षांची देखभाल झालीच नव्हती त्या वर्षांचा हिशेब तारखेनिशी मांडता आला आणि रक्कम कमी करून घेता आली.

आता आमच्या घरातल्या वादाकडे येतो. शेजारच्या इमारतीत एक कामगार कार्यकर्ते राहत असत, ज्यांना सगळी वसाहत भाऊ म्हणत असे. त्यांचा आईच्या या उद्योगाला ठाम विरोध होता. आमच्या घरी चहाला बसून ते म्हणत, "वहिनी, भाडे आपण भरतो, दुरुस्ती त्यांनी करायची. तुम्ही त्यांचे काम फुकटात करून दिलेत तर उद्या ते आपली जबाबदारीच नाकारतील. आधी घरे आपल्या नावावर होऊ द्या, मग कारभाराचे पाहू." वडिलांनाही ते पटत असे. भाऊ प्रामाणिक होते, अभ्यासू होते आणि त्यांच्या म्हणण्यातला पहिला भाग तत्त्वतः बरोबर होता, म्हणूनच त्याला नीट उत्तर देणे मला आजही आवश्यक वाटते.

घरमालक सरकार असो की खासगी, त्याची जबाबदारी भाडेकरूने काम केल्यामुळे संपत नाही. ती संपते भाडेकरूने हक्क न नोंदवता काम केल्यामुळे. आईची पत्रे नेमकी त्यासाठीच होती. भाऊंच्या इमारतीत मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली, पण वही नव्हती, दरमहा भरणारी सभा नव्हती आणि मतभेद होऊनही एकत्र बसण्याची सवय नव्हती. गृहनिर्माण संस्था नोंदवण्याची वेळ आली तेव्हा आमच्याकडे खजिनदार कोण, सचिव कोण, हे विचारावेसुद्धा लागले नाही. त्यांच्याकडे एक बाहेरचा माणूस संमतीपत्रे गोळा करत फिरला, कागदपत्रांची फाइल त्याच्याच हातात राहिली आणि पुनर्विकासाच्या वेळी रहिवाशांना आपल्याच इमारतीचे नकाशे त्याच्याकडून मागून घ्यावे लागले. भाऊ आज हयात नाहीत, पण त्यांचे वाक्य बोलणारे कार्यकर्ते प्रत्येक वसाहतीत आहेत, आणि त्यांना मी हेच सांगतो की, कारभार ही मालकीनंतर मिळणारी बक्षिसी समजणे ही फार महागात पडणारी चूक आहे.

भाडेकरूंना कारभार जमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था पाहावी. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने ती १९१५ मध्ये उभी राहिली. तिथला सभासद संस्थेचा भागधारक असतो आणि त्याच संस्थेचा भाडेकरूही असतो. भाडेकरू सहभागीदारी हा गृहनिर्माण संस्थांचा प्रकार महाराष्ट्राच्या सहकारी नियमांत आजही आहे. ती मंडळी बहुतांशी शिकलेली, नोकरदार आणि एका समाजाची होती, हे खरे. पण हिशेब उघडा ठेवायला पदवी लागत नाही, हे मी सातवी शिकलेल्या बाईच्या वहीत पाहिले आहे.

आपल्याकडच्या कायद्याची अडचण वेगळी आहे. इंग्लंडमध्ये १९९४ पासून नगरपालिकेच्या घरांतील भाडेकरूंना मतदानाने ठराव करून व्यवस्थापन मागण्याचा हक्क आहे. घरे नगरपालिकेचीच राहतात, पण करारात ठरेल तेवढी कामे आणि त्यांसाठीचा निधी भाडेकरूंच्या संस्थेकडे येतो. आपल्याकडे असा मधला टप्पा ठामपणे आखलेला नाही. भाडेकरूंच्या सहकारी संस्थेकडे कायदा मुख्यतः उद्याची मालक म्हणूनच पाहतो. मुंबईतील उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या खासगी इमारतींसाठी राज्य गृहनिर्माण प्राधिकरणाच्या म्हणजे म्हाडाच्या कायद्यात १९८६ मध्ये प्रकरण आठ-अ आले. त्यात ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्थेमार्फत मागणी केली तर मासिक भाड्याच्या १०० पट रक्कम मोजून इमारत संपादित करण्याची तरतूद आहे. घरमालकांनी तिला आव्हान दिले, आणि त्यातून निघालेल्या घटनात्मक प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला की प्रत्येक खासगी मालमत्ता ही राज्यघटनेला अभिप्रेत असलेली, लोकहितासाठी वाटता येण्याजोगी समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. म्हाडा कायद्याच्याच २०२० च्या दुरुस्तीनुसार धोकादायक उपकरप्राप्त इमारतीच्या मालकाने सहा महिन्यांत पुनर्विकासाचा प्रस्ताव दिला नाही, तर पुढील सहा महिने ती संधी रहिवाशांच्या नियोजित संस्थेला मिळते. ज्यांनी आधी एकदाही सभा घेतलेली नाही, अशा भाडेकरूंनी सहा महिन्यांत संमती, वास्तुविशारद आणि पैसा कसा जुळवायचा, याचा विचार आपणच करा.

आपली वसाहत सरकारी असल्यामुळे यातले बरेचसे आपल्याला थेट लागू होणार नाही. आपल्याकडील क्रम साधारणपणे असा असतो की, रहिवाशांची संस्था नोंदवली जाते, थकबाकी चुकती होते, इमारतीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी संस्थेच्या नावे करून देणे, होते आणि जमीन भाडेपट्ट्याने मिळते. त्यानंतर पाणी आणि मालमत्ता कर यांचा व्यवहार संस्थेकडे येतो. हा क्रम पूर्ण व्हायला वर्षे लागतात. त्या काळात आपण कायद्याच्या भाषेत भाडेकरूच असता, पण पंप, टाकी, जिन्यातले दिवे, झाडलोट आणि गटाराची सफाई यांचा कारभार रहिवासी समितीने चालवायला कोणाची हरकत नसते.

आता ज्या दोन गोष्टी मी आधी सांगायला हव्या होत्या असे काहींना वाटेल, त्या सांगतो. इमारतीचे खांब, तुळया, गच्चीचा स्लॅब आणि विजेची मुख्य जोडणी यांना समितीने हात लावू नये. ते खर्चही मोठे आणि चूक झाली तर जिवावर बेतणारे असतात. तिथे कार्यालयाकडे लेखी मागणी करत राहणे, संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागणे आणि गरज पडल्यास न्यायालयात जाणे एवढेच करावे. भाऊंचा मार्ग या बाबतीत अगदी योग्य होता. संस्थेच्या नावात भाडेकरू हा शब्द आहे म्हणून निर्धास्त होऊ नये, ही दुसरी गोष्ट. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ माणसे गेली. त्या इमारतीचे व्यवस्थापन पाहणारी संस्था भाडेकरू व्यवस्थापन संस्था म्हणूनच ओळखली जात होती, तिच्याकडे त्या भागातील हजारो नगरपालिका घरे होती आणि आगीच्या धोक्याबद्दल काही रहिवाशांनी आधीच जाहीरपणे लिहून ठेवले होते. जिच्या पदाधिकाऱ्यांना रहिवासी जिन्यात गाठून जाब विचारू शकत नाहीत, अशा संस्थेला मी भाडेकरूंची संस्था मानत नाही. म्हणून पूर्ण वसाहतीचा महासंघ आधी आणि इमारतीची समिती नंतर, असे कोणी सुचवले तर नकार द्या. एका जिन्यापासून सुरुवात करा.

पैशाच्या बाबतीत इतकेच सांगतो की, बँकेतले खाते दोघांच्या सहीने चालावे, त्या दोघी किंवा दोघे एका कुटुंबातले नसावेत, आणि शक्य असेल तर खजिनदार बाई असावी. पाणी कधी येते, टाकी कधी गळते, कोणाच्या घरात या महिन्यात पैसा नाही, हे बायकांना ठाऊक असते, आणि आमच्या वसाहतीत तरी पुरुषांनी चालवलेल्या समित्यांच्या वह्या अपुऱ्या आढळल्या. हे माझे मत आहे, नियम नाही.

संस्था नोंदणीचा अर्ज करण्यापूर्वी कार्यालयातून प्रत्येक गाळ्याचा थकबाकीचा उतारा लेखी मागून घ्या, तो आपल्याकडील भाड्याच्या पावत्यांशी ताडून पाहा आणि ज्यांचे मूळ गाळेधारक वारले आहेत त्यांच्या वारसनोंदी आधी करून घ्या, कारण संस्थेची कागदपत्रे सर्वांत जास्त काळ अडकतात ती या दोन ठिकाणी.