ढोबळी मिरचीचा नमुना ‘असुरक्षित’ ठरला; विक्रेत्याने काय करावे?

प्रश्न : सोलापुरात माझे भाजीचे दुकान आहे. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी नेलेल्या ढोबळी मिरचीत एका कीटकनाशकाचा अंश किलोला ०.०१३ मिलिग्रॅम निघाला. मर्यादा ०.०१ आहे, म्हणून ‘असुरक्षित’ असा अहवाल १२ दिवसांपूर्वी हाती आला. माल मार्केट यार्डातला, फवारणी शेतकऱ्याची आणि गिऱ्हाईक मिरची धुऊनच खाते. मग दोष माझा कसा?

उत्तर : धुण्याचा मुद्दा सोडून द्या. मर्यादा विक्रीच्या मालाला असते. प्रयोगशाळेत देठ काढतात, मिरची धूत नाहीत. शेतकऱ्याकडे बोट दाखवूनही सुटका नाही, कारण अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम १८(३) प्रमाणे शेतावरच्या पिकाला हा कायदा लागूच होत नाही. त्याऐवजी त्या दिवसाची आडत्याची पावती शोधा. माल असुरक्षित आहे हे ठाऊक नव्हते (कलम २७) आणि योग्य ती काळजी घेतली होती (कलम ८०), हे दाखवायला कागद लागतो.

आता मुदत. अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत ‘नमुना आठ’ या ठरलेल्या अर्जात पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (तुमच्या भागातल्या अन्न सुरक्षा प्रशासनाच्या प्रमुखाकडे) अपील करायचे असते. तुमच्याकडे १८ दिवस उरलेत. मिरचीचा नमुना फेरचाचणीसाठी रेफरल प्रयोगशाळेकडे पाठवायचा की नाही, हे तो अधिकारी ठरवतो. म्हणून ‘अहवाल मान्य नाही’ एवढ्या एका ओळीवर भागत नाही, कारणे द्यावी लागतात. ती चाचणीच्या कार्यपत्रकांत, म्हणजे प्रयोगशाळेने चाचणी करताना ठेवलेल्या नोंदींत, सापडतात. त्यांच्या प्रतींसाठी आजच लेखी अर्ज द्या, सोबत माहिती अधिकारातही मागा.

पत्रके आली की आधी नमुना किती होता ते पाहा. ढोबळीसारख्या मध्यम फळांसाठी कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्न मानकांच्या) नियमाने किमान १ किलो आणि १० नग लागतात. फवारा सगळ्या फळांवर सारखा बसत नाही, त्यामुळे दोन-तीन मिरच्यांचा आकडा फसवा ठरतो. पुढे अर्क काढण्याची पायरी. प्रचलित पद्धतीत १० ग्रॅम लगद्यात १० मिली ॲसिटोनायट्राइल हे द्रावक घालून हलवतात, मग ४ ग्रॅम निर्जल मॅग्नेशियम सल्फेट, १ ग्रॅम मीठ आणि सायट्रेट क्षार घालून लगेच जोरात हलवतात. इथे उशीर झाला तर गुठळ्या होतात आणि अंश नीट निघत नाही. कीटकनाशकाची ज्ञात मात्रा मुद्दाम मिसळून केलेल्या तपासणीत त्या मात्रेच्या ७० ते १२० टक्के परत मिळायला हवे. हा आकडा पत्रकात नसेल तर तो पहिला आक्षेप.

तुमच्या प्रकरणात माझा सर्वाधिक भर मात्र मोजणीवर राहील. तुलनेसाठीची ज्ञात मात्रेची प्रमाण-द्रावणे नुसत्या द्रावकात केली असतील, कीटकनाशकमुक्त मिरचीच्या अर्कात नसतील, तर गॅस क्रोमॅटोग्राफ या मोजणीच्या यंत्रावर मिरचीतल्या इतर घटकांमुळे आकडा फुगू शकतो. शिवाय अशा बहुअंश चाचणीत (एकाच वेळी अनेक कीटकनाशके शोधणाऱ्या) आंतरराष्ट्रीय प्रघाताप्रमाणे ५० टक्के अनिश्चितता धरतात, म्हणजे खरा आकडा तेवढा कमी-जास्त असू शकतो. त्यामुळे ०.०१३ चा खालचा टोक-आकडा ०.००६५ येतो, मर्यादेच्या आत. अपिलात हा हिशोब ठळक मांडा.

त्या कीटकनाशकाची चाचणी प्रयोगशाळेच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या यादीत आहे का, तेही तपासा. आणि पदनिर्देशित अधिकाऱ्याकडचे नमुन्याचे भाग गोठवून ठेवले होते का, याची तापमान-नोंद मागा. भाजी सडली असेल तर फेरचाचणीला अर्थ उरत नाही, हेही अपिलातच लिहा.