घोंगडीचा धंदा वाढंल का?

प्रश्न : आमच्या गावात घोंगडी विणणारे दोनचारच सनगर उरलेत. बचत गटातून हा धंदा वाढवता येईल का? – एक वाचक भगिनी, कागल

उत्तर : येईल की ताई, पण आधी लोकरीकडं बघा. दख्खनी मेंढीची लोकर आखूड, जाडीभरडी, तिला भाव मिळत नाही म्हणून धनगर बऱ्याचदा टाकूनच देतात. ती नीट दरानं घ्या, पिंजणं-कातणं गटातल्या बायका करतील, पण चिंचोक्याची खळ लावून खड्डामागावर (खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या हातमागावर) विणायचं काम सनगरांचंच राहू दे आणि त्यांची मजुरी आधी ठरवा, हे फार महत्त्वाचं. घोंगडी वर्षानुवर्षं टिकते, गिऱ्हाईक लवकर परत येत नाही, म्हणून आसनं, पिशव्यापण करा. इचलकरंजीच्या पॉवरलूमशी रेटात भिडू नका, अंबाबाईला येणाऱ्या पर्यटकांना माग दाखवा आणि तिथंच विका.