चांगले तास मंत्र्यांना, उरलेला दिवस मला

‘ह्यांचं सरकारला पत्रं लिहिण्याचं वेड कसं सोडवू?’ काकू एकट्याच माझ्याकडे आल्या होत्या, हा प्रश्न घेऊन. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) काका नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त झालेले, पार्किन्सनचं (हात थरथरणं, हालचाली मंदावणं असा मेंदूचा आजार) निदान होऊन काही वर्षं झालेली. या आजाराच्या संशोधनाला सरकारने पैसा द्यावा, या एकाच मागणीची पत्रं पंतप्रधानांपासून पालकमंत्र्यांपर्यंत सगळ्यांना जात होती. मुलाचं मत ठरलेलं : बाबांनी आजार मान्यच केलेला नाही.

पार्किन्सनच्या घरांतून ही काळजी वारंवार ऐकू येते. माणसाने गोळ्या घ्याव्यात, व्यायाम करावा, देवाचं नाव घ्यावं, नसत्या भानगडीत पडू नये, असं घरच्यांना वाटतं. मला ते पटत नाही. काकांना भेटल्यावर तर मुळीच पटलं नाही. ते म्हणाले, ‘लेव्होडोपा साठच्या दशकातलं औषध. आजही मुख्य गोळी तीच. लक्षणं आवरते, पण आजार थांबवत नाही. मग पुढचं कोण शोधणार?’ आजार नाकारणारा माणूस इतकं नेमकं बोलत नाही.

काकूंचं दुखणं खरं तर वेगळंच होतं. सकाळची गोळी घेतली की थोड्या वेळाने काकांचं अंग मोकळं होतं; दोन-तीन तास हात चालतो, पाऊल उचललं जातं. तेवढा वेळ पत्रांत जायचा. गोळी उतरली की शर्टाची बटणं लावायला, खुर्चीतून उठवायला काकू. ‘चांगले तास मंत्र्यांना, उरलेला दिवस मला,’ असं म्हणून त्या रडल्या. त्यांचं भांडण पत्रांशी नव्हतंच.

पुढच्या वेळी दोघं आले. काकांनी एक पत्र दाखवलं. ‘मा. महोदय’ ठसठशीत, खाली येता येता अक्षर मुंगीएवढं. शेवटची ओळ मला भिंगाशिवाय लागली नसती. अक्षर असं बारीक होत जाणं हेही या आजाराचंच लक्षण. पत्र चार पानी : प्रेसमधली नोकरी, हात पहिल्यांदा थरथरला तो दिवस, डॉक्टरांच्या फेऱ्या, आणि अगदी शेवटी ‘यावर औषध शोधावे ही विनंती’.

‘काका, हे ज्या टेबलावर पोचेल तिथल्या माणसाने उद्या सकाळी काय करायचं?’ मी विचारलं. त्यांना राग आला. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले, ‘फाइलला लावेल.’

तिथून कामाचं बोलणं सुरू झालं. वैद्यकीय संशोधनाचा केंद्राचा पैसा मुख्यतः आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्याकडून जातो. पालकमंत्र्यांच्या हातात ते नाही. आपल्या खासदाराला मात्र लोकसभेत लेखी प्रश्न विचारता येतो : गेल्या तीन वर्षांत पार्किन्सनच्या किती प्रकल्पांना किती रक्कम दिली? हेच दहा रुपये भरून माहिती अधिकारातही विचारता येतं. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत पार्किन्सन आहे आणि त्याच्या कलम २८ मध्ये पुनर्वसनविषयक संशोधनाची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. कायद्याचा एवढा आधार असताना विनंती कशाला, मागणी करा. (काकांनी स्वतःचं दिव्यांग प्रमाणपत्र काढलेलंच नव्हतं! ते आधी काढायला लावलं.)

वेळेचं दोघांनीच ठरवलं. गोळी लागू झाली की आधी चालणं आणि फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम, मग काकूंबरोबर चहा, नंतर पत्र. तेही एका पानाचं, रुंद ओळींच्या वहीत, मोठं अक्षर ठरवून काढत; त्याने हातालाही सराव होतो.

काकूंचं माहेर पिंपळगाव बसवंतकडचं, द्राक्षबागांचं. पत्राचा मसुदा वाचता वाचता त्यांनी विचारलं, ‘फवारणीचा काही संबंध असतो का हो?’ पॅराक्वाट हे तणनाशक हाताळणाऱ्यांत पार्किन्सनचं प्रमाण जास्त असल्याचं परदेशी अभ्यासांत दिसलंय. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे. म्हणून माहेरी बाग करणाऱ्या काकूंच्या भावाला हा आजार होईल, असं अजिबात नाही. पण आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचा असा अभ्यास व्हावा ही मागणी रास्तच, आणि ती पत्रात काकूंनी घातली.

मुलाने मला बाहेर गाठून विचारलंच, ‘बाबांच्या हयातीत यातून काही निघेल?’ तसा शब्द मी देऊ शकत नाही, आणि काकांनीही तो मागितलेला नाही, असं त्याला सांगितलं. माहितीचा अर्ज मग त्यानेच ऑनलाइन भरून दिला. त्यावर उत्तर आलं : अर्ज दुसऱ्या विभागाकडे वर्ग केला आहे. खासदारांच्या कार्यालयाने पत्राची पोच दिली, प्रश्न अजून लागलेला नाही. काका अधूनमधून चालणं बुडवून लिहायला बसतात. काकू सरळ वही उचलून कपाटात ठेवतात, आणि त्यावरून दोघांची चांगली जुंपते.