गुडघ्याखालची उशी आधी काढा

"ताई, माझं वय ६३. दोन्ही गुडघ्यांत दहा वर्षं संधिवात, सात आठवड्यांपूर्वी उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट झालं. माझ्या धाकट्या जावेचं माझ्याआधी चार दिवस झालं, ती आता काठीशिवाय फिरते आणि माझा गुडघा ८० अंशाच्या पुढे वाकत नाही. रात्री ठणका लागतो, गुडघ्याखाली उशी घेतली की तेवढं बरं वाटतं. फिजिओथेरपिस्ट तीन आठवडे येत होते पण वाकवताना इतकं दुखायचं, टाके उसवतील अशी भीती वाटायची, म्हणून मीच नको म्हटलं. मुलगा-सून जागेवरून उठू देत नाहीत. हे म्हणतात सगळ्यांचं होतं, तुझंच कसं होत नाही. रात्री रडू येतं. ऑपरेशन करून चूक केली का मी?"

आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते, कारण रात्री तोच छळत असणार तुम्हाला. नाही हो, चूक नाही केलीत. सात आठवड्यांत हा हिशोब मांडायचाच नसतो, पूर्ण बरं व्हायला वर्ष लागू शकतं. माझ्या डाव्या गुडघ्याचं झालं तेव्हा मीसुद्धा सहाव्या आठवड्यात रात्री दोन वाजता जागी राहून हेच म्हणत होते, की ह्यापेक्षा जुना गुडघा बरा होता, निदान तो माझा तरी वाटायचा. आज तो गुडघा माझाच वाटतो.

पण तुमचं पत्र वाचताना मी उशीपाशी अडकले. गुडघा थोडा वाकवून ठेवला की सुजलेल्या सांध्याला आराम वाटतो म्हणून आपण सगळेच ती उशी ओढतो, आणि रात्ररात्र तो तसाच राहिला की मागचे स्नायू आणि सांध्याभोवतीचं आवरण तेवढ्याच लांबीत आखडतं, मग पाय पूर्ण सरळच होत नाही. किती वाकतो ते सगळे विचारतात, सरळ किती होतो ते कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते तेच आधी विचारायला हवं, कारण पाय सरळ होत नसेल तर माणूस लंगडतच चालतो आणि मांडी सतत भरून येते. तेव्हा उशी गुडघ्याखालून काढा आणि दिवसातून तीन-चार वेळा घोट्याखाली घ्या, गुडघा अधांतरी राहू दे. सुरुवातीला पाच मिनिटंही नकोशी होतील, पाचच करा, मग दहावर जा. कुशीवर झोपत असाल तर दोन पायांच्या मध्ये उशी चालेल.

आता टाक्यांची भीती. सात आठवड्यांत वरची जखम भरलेली असते. आत हाडांच्या टोकांवर धातूचं आवरण आणि मध्ये प्लास्टिकचा तुकडा पक्का बसवलेला असतो, व्यायामाने तो निखळत नाही. जखम भरताना आत चिवट तंतू तयार होतात, सांधा हलता राहिला नाही तर ते तिथेच घट्ट होतात, आणि म्हणून हे पहिले तीन महिने फार मोलाचे. तुमचे त्यातले पाच-सहा आठवडे अजून हातात आहेत म्हणून मी इतकी मागे लागतेय.

ह्याच आठवड्यात सर्जनकडे स्वतः जाऊन दाखवा, फोनवर भागवू नका. त्यांना सरळ विचारा की इतका आखडायला आत इन्फेक्शन वगैरे काही कारण नाही ना, आणि व्यायामाने वाक वाढला नाही तर भूल देऊन गुडघा वाकवून द्यावा लागेल का. तशी सोय असते, पण ते लवकर केलं तर जास्त उपयोग होतो. आणि फिजिओथेरपिस्टना परत बोलवा, संकोच करू नका, दुखतंय म्हणून बंद करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. डॉक्टरांना विचारून दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या, नंतर कपड्यात गुंडाळून बर्फ १५-२० मिनिटं. व्यायामानंतर तास-दोन तास दुखून उतरलं तर ठीक, दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर व्यायाम निम्मा करा, पण बंद नको.

अजून एक, हे माझं स्वतःचं. खुर्चीत बसायचं, टाच जमिनीवरून मागे सरकवायची, जिथे अडेल तिथे थोडं थांबायचं आणि पायाच्या बोटांपाशी फरशीवर चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. माझ्या खोलीत असे अकरा तुकडे होते, त्यातले पहिले चार एकावर एक, कारण चार दिवस काहीच हललं नव्हतं. पाचव्या दिवशी बोटभर अंतर पडलं तेव्हा मी सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं. आणि ८० म्हणजे काहीच नाही असं समजू नका हं, सपाट जागी चालायला ७० च्या आसपास पुरतात, जिन्याला ९० च्या जवळपास लागतात, बुटक्या खुर्चीतून उठायला त्याहून जास्त.

जाऊबाईंचं कौतुक करा पण मोजमाप त्यांच्याशी नको. ऑपरेशनआधी गुडघा किती वाकत होता ह्यावर नंतरचं पुष्कळ ठरतं, तुमचा दहा वर्षं आखडत आलेला. हा परिच्छेद यजमानांना वाचायला द्या. अहो, ह्या ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात मांडीची ताकद जवळजवळ निम्मी होते, बायको कमी पडत नाहीये, स्नायू कमी पडतोय. तुलना करण्यापेक्षा रोज दोन वेळा तिच्यासोबत चाला, काठी तिच्या डाव्या हातात, जिना चढताना आधी डावा पाय आणि उतरताना आधी उजवा. आणि मुलाला-सुनेला प्रेमाने सांगा की पाणी मी उठून घेणार, तुम्ही फक्त जवळ उभे राहा.

गुडघा गरम लागणं, बाहेरच्या बाजूला बधिरपणा, आत टकटक आवाज, हे बरेच महिने राहतं, घाबरू नका. पण पोटरी अचानक सुजून दुखली, ताप आला, जखमेतून पाणी यायला लागलं तर त्याच दिवशी दाखवा, आणि धाप लागली किंवा छातीत दुखलं तर रात्र आहे म्हणून अजिबात थांबू नका.

रडू येतं त्याची लाज नको वाटू दे. झोप मोडली की मन खचतंच. सर्जनना हेही सांगा, झोपेचं आणि रडण्याचं दोन्ही, लपवू नका. आणि ते काय म्हणाले, पट्टी कुठवर सरकली, मला नक्की कळवा, मी वाट बघतेय.